पाणी उकळताना तापमान कसं वागतं: घरी मोजून बघायची नीट पद्धत, आणि कुठे कुठे चुकतं

मी आठवी ते दहावीच्या मुलांना सायन्स शिकवते आणि दर वर्षी जर्नलमध्ये मला एकच गोष्ट दिसते. पुण्यात बसून मुलाने पाणी उकळलेलं असतं, थर्मामीटरवर त्याला ९८ दिसलेलं असतं, आणि जर्नलमध्ये तो लिहितो १००, कारण पुस्तकात १०० आहे. काही जण तर ९८ लिहून मग खोडून १०० करतात, खाली खोडलेलं स्वच्छ दिसत असतं. खरं तर ते खोडलेलंच बरोबर होतं! दुसरी चूक घरोघरी आहे, म्हणजे आधण आलं की गॅस अजून मोठा करायचा, पाणी "अजून गरम" होईल म्हणून. होत नाही. गॅस तेवढा जातो.

म्हणून हा प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा करायचा ते लिहितेय. पालक आणि मुलं मिळून एका सुट्टीच्या दिवशी दोन-अडीच तासांत सगळं होतं. क्रम बदलू नका, कारण पुढच्या टप्प्याचा आकडा मागच्या टप्प्यावर उभा आहे.

आधी तयारी

थर्मामीटर कुठला घ्यायचा इथेच निम्मे लोक चुकतात. तापाचा थर्मामीटर अजिबात नाही. त्याची पट्टी साधारण ३५ ते ४२ अंशांची असते, उकळत्या पाण्यात तो फुटतो आणि जुना पाऱ्याचा असेल तर पारा पातेल्यात. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या घरी हे झालंय, अख्खा दिवस स्वयंपाकघर बंद ठेवावं लागलं होतं. तापाचा डिजिटल थर्मामीटरही नको, त्याची पट्टीही तापापुरतीच असते.

लागतो तो प्रयोगशाळेतला काचेचा, लाल द्रवाचा, उणे १० ते ११० अंशांचा. शालेय प्रयोगसाहित्याच्या दुकानात मिळतो. किंवा स्वयंपाकाचा डिजिटल प्रोब थर्मामीटर, ज्याला लांब टोकदार दांडी असते. हा जास्त सोयीचा, कारण पाकासाठीही चालतो. आणि ती बंदुकीसारखी लांबून तापमान दाखवणारी गन या कामाला घेऊ नका. ती फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान बघते, चकचकीत स्टीलवर तर साफ चुकीचा आकडा देते, आणि वाफ काचेवर बसली की काहीही दाखवते.

बाकी सामान घरातलंच आहे. दीड-दोन लिटरचं जाड बुडाचं पातेलं, त्याचं झाकण, स्वयंपाकाचा वजनकाटा (एक ग्रॅम दाखवणारा असला तर उत्तम), मोबाइलचं घड्याळ, लाटणं किंवा लाकडी उलथनं, सुती दोरा, सांडशी, भरपूर बर्फ, मीठ, जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा छोटा तुकडा, आणि वही. मातीच्या फुटक्या कुंडीची किंवा पणतीची दोन-तीन खापरं धुऊन ठेवा, ती कशाला ते पुढे येईल.

थर्मामीटर हातात धरून मोजायचा नाही. हात वाफेवर भाजतो, आणि हात हलला की आकडा हलतो. पातेल्यावर लाटणं आडवं ठेवायचं आणि त्याला दोऱ्याने थर्मामीटर टांगायचा. बर्नर छोटाच घ्या, म्हणजे ज्वाळा पातेल्याच्या बाजूने वर येऊन लाटणं आणि दोरा जाळणार नाही.

जपून: पारा सांडलाच तर केरसुणी किंवा व्हॅक्युम क्लीनर लावू नका, त्याने तो जास्त पसरतो. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, जाड कागदाने थेंब एकत्र करून झाकणाच्या बरणीत भरा, हातांनी शिवू नका.

टप्पा १: थर्मामीटर खरं बोलतोय का ते बघा

हा टप्पा सगळे गाळतात आणि मग शेवटी भांडत बसतात की आकडा चुकला की थर्मामीटर.

बर्फ फडक्यात बांधून लाटण्याने कुटा, बारीक चुरा व्हायला हवा. स्टीलच्या ग्लासात तो चुरा गच्च भरा आणि फटी भरतील इतकंच थंड पाणी घाला. थर्मामीटरचा फुगा मधोमध खुपसा, ग्लासच्या तळाला टेकू देऊ नका, तीन-चार मिनिटं थांबा, मधूनमधून ढवळा. ० दाखवायला हवं. १ दाखवलं तर तुमचा थर्मामीटर एक अंश जास्त सांगतोय, वहीच्या वर तसं लिहा आणि इथून पुढे प्रत्येक आकड्यातून १ वजा करा.

इथली नेहमीची चूक म्हणजे ग्लासभर पाण्यात दोन क्यूब टाकून मोजणं. तेव्हा ४-५ अंश दिसतात आणि मुलं म्हणतात थर्मामीटर बिघडलाय. बिघडलेला नसतो, पाणी अजून थंडच झालेलं नसतं. बर्फ जास्त आणि पाणी कमी हवं.

तपासा: तीन मिनिटांनी आकडा स्थिर आहे का? बर्फ वितळतोय तरी आकडा जागचा हलत नाहीये, हे नीट बघून ठेवा. बाहेरून उष्णता येतेच आहे, पण ती बर्फाचं पाणी करण्यात जातेय, तापमान वाढवण्यात नाही. हीच गोष्ट उकळताना पुन्हा दिसणार आहे, फक्त जास्त मोठ्या प्रमाणात.

टप्पा २: पाणी तापवा, दर मिनिटाला आकडा लिहा

रिकाम्या पातेल्याचं वजन करून लिहून ठेवा. मग त्यात बरोबर ५०० ग्रॅम पाणी घ्या, नळाचं चालेल. खापराचे तुकडे आत टाका. लाटण्याला थर्मामीटर असा टांगा की फुगा पाण्यात मधोमध राहील, तळापासून दोन बोटं वर. तळाला टेकला तर तो पाण्याचं नाही तर तापलेल्या बुडाचं तापमान सांगणार, आणि मग "आमचं पाणी १०४ ला उकळलं" असे आकडे येतात. पातेल्यात पाणी फारच उथळ होत असेल तर अरुंद पातेलं घ्या.

गॅस मध्यम करा आणि आता नॉबला हात लावायचा नाही. हे फार महत्त्वाचं आहे, मधेच आच बदलली तर पुढचा सगळा हिशोब गेला. गॅस पेटवायच्या आधीचं तापमान शून्य मिनिटाला लिहा. मग दर मिनिटाला. काचेचा थर्मामीटर वाचताना डोळा लाल रेषेच्या टोकाच्या बरोबर समोर हवा, वरून वाकून बघितलं तर अंश-दोन अंशांचा फरक सहज पडतो. वाचायच्या आधी चमच्याने एकदा हलकं ढवळा, कारण वरचं आणि खालचं पाणी सारखं तापलेलं नसतं.

नुसते आकडे लिहू नका, काय दिसतंय आणि काय ऐकू येतंय तेही लिहा. चाळीस-पन्नासच्या पुढे कडेला बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात, ते वाफेचे नाहीत, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडतेय. मग एक सणसण आवाज सुरू होतो. बुडाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात पण वरचं पाणी अजून तितकं तापलेलं नसतं म्हणून वर येता येता मिटतात, तो आवाज त्यांच्या मिटण्याचा. आणि मग आवाज एकदम बदलतो, जड होतो, बुडबुडे थेट वरपर्यंत येऊन फुटायला लागतात. आपल्या आज्या झाकण न काढता नुसत्या आवाजावरून आधण आलं म्हणायच्या ते यावरच.

समजा तुमचे आकडे असे आले: २८, ३८, ४८, ५८, ६८, ७८, आणि मग ८७, ९४, ९८. शेवटी चाल मंदावली ना? गॅस तोच आहे, वेळ तोच आहे, तरी आधी मिनिटाला १० अंश चढत होतं ते नंतर ७ आणि ४ झालं. कारण पाणी उकळायच्या आधीच वरून भराभरा वाफ होऊन उडायला लागतं आणि प्रत्येक ग्रॅम वाफ आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. झाकण ठेवून हाच टप्पा पुन्हा करून बघा, शेवटची चढण जास्त सरळ येते आणि आधण लवकर येतं. म्हणून भाताला आधण ठेवताना झाकण ठेवा, त्याने खरोखर गॅस वाचतो.

जपून: खापरं गाळू नका. अगदी गुळगुळीत स्वच्छ काचेच्या भांड्यात पाणी कधी कधी उत्कलनांकाच्या, म्हणजे ते उकळतं त्या तापमानाच्या, वर जाऊनही शांत राहतं आणि मग चमचा घातला की एकदम उसळतं. मायक्रोवेव्हमध्ये कपभर पाणी उकळणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं, तिथे हे खरंच होतं आणि हात-तोंड भाजतं. खापराच्या बारीक छिद्रांमुळे बुडबुड्यांना सुरू व्हायला जागा मिळते.

टप्पा ३: उकळी आली, आता दहा मिनिटं नुसतं बघा

इथे मुलं कंटाळतात आणि गॅस बंद करतात. करू देऊ नका, प्रयोगाचा जीव इथेच आहे.

खळखळ उकळी आली की वेळ लिहा आणि पुढची १० मिनिटं तसंच दर मिनिटाला वाचत राहा. ९८, ९८, ९८, ९८. खाली गॅस तितकाच जळतोय आणि काटा जागचा हलत नाही. आलेख काढला तर आधी चढण आणि मग सपाट पठार. दहावीच्या पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणून जो शब्द आहे तो या पठाराचं नाव आहे. उष्णता येतेय, पण थर्मामीटरवर प्रकट होत नाहीये, पाण्याचे कण एकमेकांपासून सोडवून वाफ करण्यात ती सगळी खर्च होतेय.

आणि आता मी मगाशी नॉबला हात लावू नका म्हटलं होतं, तर दहा मिनिटं संपल्यावर, पातेलं तोलून झाल्यावर (ते टप्पा ५ मध्ये सांगते), पुन्हा उकळी आणा आणि गॅस पूर्ण मोठा करा. आकडा बघा. मग अगदी मंद करा, फक्त बुडबुडे चालू राहतील इतका. पुन्हा बघा. दोन्हीकडे तोच आकडा. मोठ्या आचेवर पाणी जास्त गरम होत नाही, फक्त जास्त वेगाने उडतं. बटाटे, वरण, शेंगा, जे काही उघड्या पातेल्यात शिजतंय ते या एकाच तापमानाला शिजतंय, मग आच मोठी असो की मंद. कुकरचंही तेच, प्रेशर आल्यावर गॅस बारीक केला तरी आतलं तापमान तेच राहतं. मात्र उकळी थांबली किंवा प्रेशर उतरलं तर तापमान खरंच पडतं, तेवढं बघायचं.

तपासा: पठारावर आकडा हळूहळू चढतोय का? तर तीनपैकी एक गोष्ट आहे. फुगा बुडाला टेकलाय, किंवा पाणी इतकं कमी झालंय की फुगा उघडा पडायला लागलाय, किंवा पाण्यात काहीतरी विरघळलेलं आहे.

जपून: पातेल्यावरचा पांढरा ढग म्हणजे वाफ नव्हे, ते थंड होऊन परत पाणी झालेले बारीक थेंब आहेत. खरी वाफ दिसत नाही. किटलीच्या तोटीजवळ पहिला बोटभर भाग मोकळा दिसतो, सगळ्यात जास्त भाजतं ते तिथे. वाफेने भाजणं उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, कारण एक ग्रॅम वाफ कातडीवर पाणी होताना ५४० कॅलरी (एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागते ती एक कॅलरी) तिथेच सोडते, आणि वर त्या गरम पाण्याची उष्णता वेगळी.

टप्पा ४: तुमच्या गावाचा आकडा काढा

आता १०० का आलं नाही ते. पाणी उकळतं तेव्हा त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झालेला असतो. हवेचा दाब कमी, तर तितकी वाफ लवकर जमते आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. उंचावर हवेचा दाब कमी. ढोबळ हिशोब असा की समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला १ अंश कमी करा.

मुंबई, रत्नागिरी, पणजी: १०० च्या जवळ. नागपूर साधारण ३१० मीटरवर, म्हणजे ९९. पुणे ५६० मीटर, म्हणजे ९८ च्या किंचित वर. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर, म्हणजे साडेपंच्याण्णव. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, चहाचं पाणी साडेचौऱ्याण्णवच्या आसपास उकळतं, आणि लेहमध्ये साडेतीन हजार मीटरवर ८८ च्या आसपास. म्हणून तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, कुकरच लागतो. कुकरमध्ये दाब हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं.

तुमच्या गावाची उंची मोबाइलवर मिळते, रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरही मीटरमध्ये लिहिलेली असते. मुलांना ती पाटी वाचायला लावा, त्यांना फार आवडतं हे.

इथे हुशार मुलं एक चूक करतात. हवामानाच्या ॲपमध्ये हवेचा दाब दिलेला असतो, तो घेऊन ती हिशोब करतात आणि पुण्यातही १०० येतं. ॲपमधला दाब बहुतेक वेळा समुद्रसपाटीला धरून बदललेला असतो, तुमच्या घरातला खरा दाब तो नाही. पुण्यात खरा दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल असतो आणि ॲप १०१० दाखवतं. ज्या फोनमध्ये बॅरोमीटर आहे तो खरा दाब दाखवतो, तो असेल तर वापरा, नाहीतर उंचीचा हिशोब पुरेसा आहे. पावसाळ्यातल्या कमी दाबाने जो फरक पडतो तो एक अंशापेक्षाही कमी, शाळेच्या थर्मामीटरवर दिसणार नाही.

काचेच्या थर्मामीटरची लाल रेषा बरीचशी पाण्याबाहेर थंड हवेत असेल तरी आकडा थोडा कमी येतो. म्हणून हिशोबापेक्षा अर्धा-एक अंश कमी दिसला तर घाबरू नका, पण चार-पाच अंशांचा फरक आला तर टप्पा १ पुन्हा करा.

जाता जाता, प्यायचं पाणी उकळण्याबद्दल. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. महाराष्ट्रात २००० मीटरवर गावच नाही. वीस-वीस मिनिटं पाणी उकळत ठेवणाऱ्यांचा गॅस निव्वळ वाफेत जातो.

टप्पा ५: गेलेली उष्णता वजन करून पकडा

माझ्या मते सगळ्यात सुंदर टप्पा हा आहे आणि जर्नलमध्ये तो कुणीच करत नाही.

टप्पा ३ ची दहा मिनिटं संपली की लगेच गॅस बंद करा, थर्मामीटर, लाटणं आणि खापरं काढा, पातेलं सांडशीने उचलून वजनकाट्यावर ठेवा. काट्यावर आधी लाकडी पाट किंवा जाड फडकं ठेवून शून्य करून घ्या, नाहीतर काटा खराब होईल. पातेल्याचं वजन वजा करा. आता किती पाणी कमी झालं?

हिशोब असा. ५०० ग्रॅम पाणी २८ वरून ९८ ला न्यायचं म्हणजे ७० अंश, म्हणजे ५०० गुणिले ७०, ३५,००० कॅलरी. समजा झाकण ठेवून तुम्हाला ७ मिनिटं लागली, तर पाण्यात मिनिटाला ५,००० कॅलरी जात होत्या. उकळी आल्यावरही तेवढ्याच जातायत असं धरू. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण ५४० कॅलरी लागतात, म्हणजे मिनिटाला ९ ग्रॅमच्या थोडं वर, आणि दहा मिनिटांत ९० ग्रॅमच्या आसपास पाणी उडायला हवं. काट्यावर तुम्हाला याच्या जवळचा आकडा दिसेल, बहुतेक थोडा कमी, कारण कढत पातेलं बाजूनेही उष्णता सोडत असतं.

हाच हिशोब उलटा करून बघा. पाणी कोमटपासून उकळीपर्यंत आणायला ७ मिनिटं लागली, तर ते सगळं पाणी आटवायला ५० मिनिटांच्या वर लागतील. ७० कॅलरी विरुद्ध ५४०. बासुंदीसाठी दूध आटवायला एवढा वेळ का लागतो आणि गुऱ्हाळात रसाच्या कढईखाली चिपाडं तासन् तास का जाळावी लागतात ते याच्यात आहे, दुधाचा बहुतेक भाग आणि उसाच्या रसाचाही बहुतेक भाग पाणीच.

जपून: पातेलं पूर्ण कोरडं पडेपर्यंत आटवू नका. पाणी असेपर्यंत पातेलं शंभराच्या आसपास राहतं कारण पाणी उष्णता ओढून घेतंय, पाणी संपलं की बुडाचं तापमान झपाट्याने वर जातं, थर्मामीटर फुटतो, पातेलं काळं पडतं.

टप्पा ६: मीठ आणि साखर, जिथे पठार सपाट राहत नाही

"मीठ टाकलं की पाणी लवकर उकळतं" हे डोक्यातून काढा. उकळत्या पाण्यात मीठ टाकल्यावर फेस उसळतो तो मिठाच्या कणांवर बुडबुडे सुरू होतात म्हणून, पाणी काही लवकर उकळलेलं नसतं. उलट उत्कलनांक वर जातो. पण किती? एक लिटर पाण्यात ५८ ग्रॅम मीठ, म्हणजे आमटीत घालतो त्याच्या कितीतरी पट, तेव्हा कुठे एक अंश वाढतो.

म्हणून दिसेल असा प्रयोग करायचा तर ताजं ५०० ग्रॅम पाणी घ्या आणि ९० ग्रॅम मीठ थंड पाण्यातच विरघळवून मग गॅसवर ठेवा. उकळत्या पाण्यात मूठभर मीठ कधीही टाकू नका, अंगावर येतं. आता पठार साधारण ३ अंश वर दिसेल. आणि ते अगदी सपाट नसेल, हळूहळू चढत जाईल, कारण पाणी उडतंय, मीठ मागे राहतंय, द्रावण घट्ट होत चाललंय.

थर्मामीटर थोडा वर ओढून पाण्याबाहेर, पण झाकणाखालच्या दाट वाफेत धरला तर तो परत तुमच्या गावाच्या आकड्याकडे येतो, कारण फुग्यावर जमतं ते शुद्ध पाणी. उत्कलनांक काटेकोरपणे तपासायचा तर थर्मामीटर वाफेत धरतात तो याचसाठी.

साखरेचा पाक म्हणजे याच चढणीचा उपयोग. पाकाचं तापमान म्हणजे त्यात किती पाणी उरलंय याची खूण. गोळीबंद पाक ११२ ते ११६ च्या दरम्यान, कडकडीत तुटणारा पाक १४६ ते १५४. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत, त्यामुळे आधी साध्या पाण्याला उकळी आणून बघा, तुमच्याकडे ९८ येत असेल तर पाकाच्या आकड्यातूनही २ वजा करा. पुण्यात पुस्तकातला आकडा येईपर्यंत थांबलात तर पाक पुढे गेलेला असतो आणि वड्या दगड होतात.

जपून: ११० पर्यंतचा काचेचा थर्मामीटर पाकात घालायचा नाही, फुटेल. प्रोबच हवा. आणि पाक मुलांच्या हाती देऊ नका, तो कातडीला चिकटतो.

टप्पा ७: न उकळता उडणारं पाणी

आता गॅस बंद. थर्मामीटर हवेतच थंड होऊ द्या, गरम असताना नळाखाली धरला तर काच तडकते.

खोलीच्या तापमानाला आला की कोरडाच पंख्याखाली टांगा आणि पाच मिनिटांनी वाचा. तापमान पडतं का? पडत नाही. पंखा हवा थंड करत नाही, याचा मुलांना दर वेळी धक्का बसतो. मग मलमलीचा तुकडा फुग्याभोवती एक-दोन पदरी गुंडाळून दोऱ्याने बांधा, आणि खोलीत तासभर ठेवलेल्या पाण्याने भिजवा. फ्रिजचं किंवा माठाचं पाणी घेतलं तर प्रयोग फुकट, कारण थंडपणा पाण्याचाच आला असं कुणीही म्हणेल. फडकं जाड, पाच-सहा पदरी गुंडाळलं तरी आकडा नीट उतरत नाही.

पुन्हा पंख्याखाली, दर मिनिटाला वाचा. आता आकडा उतरत जाईल आणि एका ठिकाणी थांबेल. इथेही पठार आहे! गॅस नाही, उकळी नाही, तरी पाण्याची वाफ होतेय, आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते फडक्यातून आणि फुग्यातून ओढून घेतंय. खोलीच्या तापमानाला तर ग्रॅममागे ५८० कॅलरी लागतात, उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त.

किती उतरेल ते तुमच्या हवेवर आहे. मुंबईत जुलैमध्ये ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर जेमतेम दोन अंश. विदर्भात मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर तब्बल वीस अंश, म्हणजे फडक्यातला थर्मामीटर २३-२४ दाखवेल. म्हणून नागपूरला कुलर आणि वाळ्याचे पडदे काम करतात आणि दादरला तोच कुलर नुसता घाम वाढवतो. नागपूरलाही खिडक्या बंद करून कुलर लावणारे आहेत, त्यांच्या खोलीतली हवा तासाभरात दमट होते आणि मग कुलर थंड करत नाही अशी तक्रार. ओली हवा बाहेर जायला एक खिडकी उघडी हवीच. माठाचंही तसंच, बाहेरून ऑइलपेंटने रंगवलेला माठ पाणी गार करत नाही, कारण त्याची छिद्रंच बुजलेली असतात.

तपासा: थांबलेला आकडा लिहून झाल्यावर फडकं तसंच राहू द्या आणि वाचत राहा. अर्ध्या-पाऊण तासाने फडकं वाळत आलं की आकडा आपोआप वर चढायला लागतो आणि खोलीच्या तापमानावर येऊन थांबतो. तो चढायला लागला ती वेळ नक्की लिहा. आणि वहीच्या पानावर सगळ्यात वर गावाचं नाव, उंची, तारीख, हवा कशी होती आणि बर्फात थर्मामीटरने काय दाखवलं ते लिहा. त्याखाली आला तो आकडा, न खोडता.